सिकलसेलला दोन अक्षरं पुरली, शुगरला वंशावळ लागली

लग्न ठरायच्या आधी माझी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली होती. आमच्याकडे, म्हणजे नागपूर आणि पूर्व विदर्भातल्या बऱ्याच घरांत, आता पत्रिकेआधी तो रिपोर्ट मागतात, आणि ते योग्यच आहे. माझा ‘एएस’ आला, नवऱ्याचा ‘एए’. मी वाहक, तो नाही. तिथल्या ताईंनी उभ्या उभ्या सांगून टाकलं: प्रत्येक मुलाला वाहक होण्याची शक्यता निम्मी, सिकलसेलचा आजार व्हायची भीती नाही. दोघंही ‘एएस’ असतो तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक एवढा धोका असता. एका जनुकाचा आजार, त्यामुळे हिशोब सरळ.

शुगरचंही असंच दोन अक्षरांचं उत्तर मिळावं, एवढीच माझी इच्छा होती.

माझ्या आजोळी शुगरची गोळी नाही असं घर शोधावं लागतं. शुगरपायी आजीच्या पायाचा अंगठा कापावा लागला. मोठ्या मामाचं इतवारीत धान्याचं दुकान. त्याला वयाच्या ४४ व्या वर्षी शुगर निघाली, पुढे बायपास झाली. आईला ५१ व्या वर्षी. मावशीला तर पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत कळलं, किती वर्षं अंगात होती देव जाणे. आणि मला दुसऱ्या खेपेला, सातव्या महिन्यात. तेव्हा इन्सुलिन घ्यावं लागलं. बाळंतपणानंतर आकडे खाली आले, पण गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे कायमची शुगर होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, हे डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावरच लिहून दिलं होतं. आई स्वतःला सुई टोचता टोचता म्हणायची, “आपल्याकडं सगळ्यायलेच हाय ना बाप्पा, तुले काहून सोडन थे?”

दरवर्षी तपासत होते. यंदा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे डायबेटिस. ही बातमी फॅमिली ग्रुपवर गेली आणि बेंगळुरूला असलेल्या मामेभावाने लगेच उपाय काढला: एक किट येतं, नळीत थुंकायचं, कुरिअरने पाठवायचं, सगळे जीन्स तपासून मिळतात, सगळ्यांनी मिळून मागवलं तर सूट आहे. ग्रुपवर दोन तट पडले. मी धंतोलीतल्या माझ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पैसे घालायच्या आधी एकदा जेनेटिक कौन्सेलरला, म्हणजे आनुवंशिक आजारांचा धोका समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला भेटा, आणि जाताना घरातल्या सगळ्यांची माहिती काढून न्या. कोणाला काय, कितव्या वर्षी.

सगळ्यात जास्त वेळ या माहितीनेच खाल्ला. आई आणि मावशी फोनवर एकमेकींची वयं दुरुस्त करत बसल्या. कोणाला शुगर आधी निघाली आणि कोणाला बीपी, यावरून मोठी मामी आणि आई यांच्यात जरा वाजलंच. वडिलांकडचं तर काहीच धड नव्हतं. वडील मी कॉलेजात असताना अपघातात गेले, त्यांच्या थोरल्या भावाबद्दल काकू म्हणाली, “ते असेच गेले, झोपेतच.” असेच म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती.

कौन्सेलर मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी कोरा कागद आडवा ठेवला आणि वंशावळ काढायला घेतली. पुरुष चौकोन, बाई गोल. आजार असेल तर आतून काळा करायचा, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याला बाण. तो बाण माझ्या गोलाला. आजी-आजोबांच्या मध्ये त्यांनी दुहेरी रेघ ओढली, कारण आजोबांनी मामाचीच मुलगी केली होती. मला वाटलं, सापडलं कारण. त्यांनी मान हलवली. नात्यातल्या लग्नाने धोका मुख्यतः वाढतो तो सिकलसेलसारख्या आजारांचा, जिथे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. शुगरच्या बाबतीत त्या दुहेरी रेघेवर सगळा भार टाकता येत नाही.

“आजोबांना शुगर होती?”

“नव्हती.”

“तपासली होती का?”

नव्हती. आजोबा काटोलजवळच्या गावात संत्र्याच्या बागेत राबले आणि ६० च्या आत गेले. त्यांचं रक्त कधी कोणी काढलं नसावं. मॅडमनी त्यांच्या चौकोनात काळं केलं नाही आणि तो पांढराही ठेवला नाही, प्रश्नचिन्ह घातलं. काकांच्या चौकोनातही प्रश्नचिन्ह. अंगमेहनतीने शुगर टळते याचा माझा सगळ्यात लाडका पुरावा होता धाकटा मामा. तो गावीच राहिला, शेती केली, आज ६७ चा आहे, सडपातळ. “त्याला काही नाही,” मी ठासून सांगितलं. पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा प्रश्नचिन्ह. कागद भरला तेव्हा कळलं, आमच्या घराण्यात शुगर किती आहे यापेक्षा शहरात येऊन तपासणी किती जणांची झाली, हेच त्यात जास्त ठळक दिसत होतं.

वयं इतकी बारकाईने का विचारता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, डायबेटिसचा एक प्रकार खरोखर एका जनुकाचा असतो. त्याला मोडी म्हणतात. त्यात साधारण पंचविशीच्या आत शुगर निघते, सहसा बारीक अंगाच्या माणसात, आणि पिढ्यान्‌पिढ्या सरळ खाली उतरते. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला निम्मी शक्यता. तसं चित्र असतं तर त्यांनी स्वतःच जनुक तपासणी सुचवली असती, कारण त्यातल्या काही प्रकारांत इन्सुलिनऐवजी साध्या गोळीवर भागतं. आमच्याकडे सगळ्यांना चाळिशी-पन्नाशीत निघालेली. म्हणजे टाइप टू, नेहमीचीच.

आणि नेहमीची म्हणजे अवघड. तिच्यात एक जनुक नाही, शेकडो आहेत. त्यातला सर्वांत जोरकस समजला जाणारा, टीसीएफ७एल२, २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी शोधला. त्यातल्या धोकादायक बदलाच्या दोन्ही प्रती असल्या तरी धोका होतो साधारण दुप्पट. बाकीचे त्याहून किरकोळ. कोणी स्वादुपिंडाला थोडं कमजोर करतो, कोणी चरबी पोटाकडे वळवतो, कोणी भूक वाढवतो. यातले थोडेफार प्रत्येक माणसात असतातच, तुमच्या शेजाऱ्यातही. प्रश्न असतो किती जमले याचा आणि त्यावर बाहेरून काय येऊन पडलं याचा. मॅडमनी अंबाझरीचं उदाहरण दिलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. तेव्हा कुठल्या एका सरीने तो भरला असं कोणी विचारलं नाही. महिनाभराचा पाऊसही त्यात होता आणि त्या रात्रीचाही. सांडव्याखाली असेपर्यंत वरून काही दिसत नाही, सांडव्यावर गेलं की आजार. जनुकांमुळे काहींचा तलाव जन्मापासूनच जास्त भरलेला असतो, एवढंच. शास्त्रात याला उंबरठ्याचं प्रतिमान म्हणतात आणि ते १९६५ मध्ये डग्लस फाल्कनर यांनी मांडलं, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

मला आकडा हवा होता. ढोबळ आकडा त्यांनी दिला: आई किंवा वडील यांपैकी एकाला टाइप टू असेल तर आयुष्यभरात आपल्याला होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास, दोघांनाही असेल तर ७० च्या. हे कुठल्या नियमातून काढलेलं गणित नाही, कुटुंबांच्या कुटुंबं मोजून आलेला अनुभव आहे. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाली तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात सापडतं. जनुकं जवळजवळ तंतोतंत तीच, तरी शंभर टक्के नाही. मला हे जुळ्यांचं सगळ्यात पटलं. आईच्या “तुले काहून सोडन”ला त्याहून चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही.

मग त्यांनी जे विचारलं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. “तुम्ही एएस आहात ना? एचबीएवनसी कुठल्या पद्धतीने केलं?” एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं मोजमाप. माझं निम्म्याच्या जवळपास हिमोग्लोबिन वेगळ्या बनावटीचं. काही यंत्रं त्यात गोंधळतात. शिवाय अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात २०१७ मध्ये आढळलं की रक्तातली साखर सारखीच असली तरी सिकलसेल वाहकांचा एचबीएवनसी थोडा कमी दिसतो. उलट अंगात लोह कमी असेल तर तो जास्त दिसू शकतो. म्हणजे माझं ५.९ हे ५.९ असेलच असं नाही. ज्या सिकलसेलच्या रिपोर्टचा विषय लग्नाआधी मिटला होता, तो पुन्हा टेबलावर आला. आपल्या भागात इतके वाहक आहेत. शुगरचा रिपोर्ट देताना प्रत्येक ठिकाणी हा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

त्यामुळे ग्लुकोजची तपासणी करायचं ठरलं. रात्रभर उपाशी, सकाळी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून पाच मिनिटांच्या आत संपवायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मधल्या दोन तासांत खायचं नाही, फिरायचं नाही, बसून राहायचं. मे महिना होता, कूलरसमोरची खुर्ची मिळाली हे नशीब. उपाशीपोटी १०४ आली, दोन तासांनी १६८. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि ग्लुकोजनंतर १४० ते १९९ या पट्ट्यात मी दोन्हीकडून बसत होते. प्री-डायबेटिस. यात आता हिमोग्लोबिनची भानगड नव्हती.

किटचा प्रश्न मी दुसऱ्या भेटीत काढला. मॅडमनी त्याची टिंगल केली नाही. शेकडो-हजारो बदलांचे छोटे छोटे गुण मिळवून एक बेरीज काढतात, ती कामाची होत चालली आहे, असं त्या म्हणाल्या. पण ज्या अभ्यासांवरून हे गुण ठरतात त्यात बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची. ती बेरीज आपल्या माणसांना लावली की अंदाज ढिला पडतो. भारतातल्या दहा हजार माणसांच्या जनुकसंचांचा, जीनोम इंडिया या प्रकल्पाने जमवलेला साठा २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुला झाला. पुढे हे चित्र सुधारेल. आज माझ्यापुरतं बोलायचं तर आईची शुगर, गरोदरपणातली शुगर, कमरेचा घेर आणि ती १६८, या चौघांनी जे सांगितलंय त्यात किट फारशी भर घालणार नाही. किटचा निकाल ‘धोका कमी’ असा आला असता तर मी काय १६८ विसरले असते?

कमरेचा घेर मोजला तो ८७. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटरची. वजनाकडे पाहून कोणी मला जाड म्हणणार नाही, आणि इथेच आपण फसतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम यावरच आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण अंगातली चरबी त्या मानाने राखलेली; स्नायू कमी. बारीक दिसणारं पण आतून चरबी असलेलं बाळ. आईच्या पोटात असताना जे पोषण मिळालं, त्याचीही छाप पुढच्या शुगरवर असते. मॅडमनी माझं जन्मवजन विचारलं. आईला आठवत होतं, दोन किलो तीनशे. आईचं स्वतःचं? त्यावर मावशी फोनवरून म्हणाली, “तवा कोन मोजून राहिलं होतं?”

म्हणजे ‘परिस्थिती’ हा शब्द वाटतो त्यापेक्षा फार मागे जातो. ऐकणाऱ्याला मात्र तो बहुतेक वेळा “तूच खाल्लंस” असा ऐकू येतो. सासूबाईंनी तर लगेच माझ्या दुपारच्या भाताकडे पाहिलं. माझी नोकरी सीताबर्डीच्या बँकेत खुर्चीवरची, एप्रिल ते जून सकाळी आठनंतर रस्त्यावर चालणं म्हणजे लू अंगावर घेणं, वस्तीत फुटपाथ आहे तिथे गाड्या उभ्या. यातलं काय माझ्या इच्छेने आलं? आणि जनुकं वेगळी पण स्वयंपाकघर एकच असलं की काय होतं, तेही घरातच दिसलं. मॅडमच्या सांगण्यावरून नवऱ्यानेही तपासलं, त्याच्या घराण्यात शुगरचा पत्ता नाही. त्याची उपाशीपोटी १०९. रविवारचे तर्री-पोहे, पाहुणे आले की सावजी, संध्याकाळच्या चहाबरोबर सांबारवडी, हे आम्ही दोघं मिळूनच खात आलोय.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा पर्याय ठेवला, पण आधी सहा महिने दुसरं करून बघा म्हणाले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ मधला अभ्यास त्यांनी समोर ठेवला: माझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना चार गटांत वाटलं. ज्यांना नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना डायबेटिस झाला, ज्यांचा आहार-व्यायाम नीट पाठपुरावा करून बदलला त्यांच्यात ३९ जणांना. फरक आहे, जादू नाही. ३९ जणांना झालाच. मला हा आकडा आवडला कारण तो खोटं आश्वासन देत नाही. आणि अमेरिकेतल्या अशाच मोठ्या अभ्यासात त्या टीसीएफ७एल२ च्या दोन्ही प्रती असलेल्यांनाही आहार-व्यायामाचा फायदा झाला. त्या गटात जनुकामुळे पडणारा फरक बराच कमी दिसला. जनुक बदलता येत नाही म्हणून हात टेकावे, असं त्यात काही निघालं नाही.

आता भात एकवेळ आणि मोजून, रात्री ज्वारीची भाकर, आधी भाजी-वरण मग बाकीचं. सांबारवडी बंद केलेली नाही, दोनाची एक केली. रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं फुटाळा तलावाकडे चालायला जातो, कारण उन्हाळ्यात तीच एक वेळ आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कंटाळवाणं काम आहे.

धाकट्या मामाचं मात्र सांगायला हवं. तो दिवाळीत नागपूरला आला तेव्हा मी त्याला धरून लॅबमध्ये नेलं. “मले काय झालं? मी रोज बागेत चार चक्कर मारतो,” हे सगळं ऐकून घेतलं. त्याची उपाशीपोटी ९८, ग्लुकोजनंतर १५२. म्हणजे तोही उंबरठ्यावर, फक्त मोठ्या भावाला शुगर निघाली त्या वयाहून तेवीस वर्षांनी मोठा असताना. मी हे मॅडमना उत्साहाने कळवलं, तर त्यांनी मला आवरलं: सख्ख्या भावांत सरासरी निम्मीच जनुकं सारखी असतात, मोठ्याच्या वाट्याला आलेली धाकट्याच्या वाट्याला आलीच असतील असं नाही, एका घरातल्या दोन भावांवरून शेती आणि दुकानाचा निवाडा करू नका. बरोबर आहे. तरी मला वाटतं ते मला वाटतंच.

मामाच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह काढून तिथे आकडे लिहिले आणि वंशावळीचा फोटो मी ग्रुपवर टाकला. पहिला मेसेज मावशीचा: “माह्या गोलाले एवढं काळं काहून केलं?” मामेभाऊ किटचं पुन्हा काही बोलला नाही, पण त्याची कंपनी वर्षातून एकदा फुकट तपासणी करून देते, ती करून आला. मोठी मामी म्हणाली, दोघी सुनांनाही यात घ्या. माझा सख्खा भाऊ पुण्याला असतो, ४१ चा आहे, आणि तीन दिवस गप्प होता. चौथ्या दिवशी त्याने वेगळा, फक्त मला मेसेज केला: उपाशीपोटी म्हणजे सकाळचा चहा चालतो का?

मी लिहिलं, नाही. बिनसाखरेचाही नाही.